पातळीमापक ‘एम’ केला की कर्नलचे बिल्ड अडते

प्रश्न (लातूर):
नमस्कार. पाणी खाली गेल्यावर बोअरची मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून मी लिनक्स कर्नलसाठी दोन लहान ड्रायव्हर लिहिले आहेत. एक पातळी मोजतो आणि दुसरा ती विचारून मोटार चालू-बंद करतो. पातळीमापक ‘वाय’ (मूळ कर्नलमध्येच) ठेवला किंवा पूर्ण वगळला (‘एन’) तर बिल्ड होते, परंतु ‘एम’ (नंतर लोड होणारे मॉड्यूल) केला की ‘रीडेफिनिशन’ची, म्हणजे एकच फंक्शन दोनदा परिभाषित झाल्याची, त्रुटी येते. हेडरमध्ये इफडेफखाली (‘कॉन्फिग_पातळी’ हे नाव परिभाषित असेल तरच लागू होणारा भाग) फंक्शनची घोषणा आहे आणि एल्सखाली त्रुटी-अंक परत करणारे स्टॅटिक इनलाइन फंक्शन आहे. चूक कुठे असावी?

उत्तर (परभणी):
घटक ‘एम’ असताना ‘कॉन्फिग_पातळी’ हे नाव परिभाषितच होत नाही, तर शेवटी ‘_मॉड्यूल’ जोडलेले नाव परिभाषित होते. त्यामुळे इफडेफ खोटे ठरून एल्समधले फंक्शन येते आणि पातळीमापकाच्या स्वतःच्या फाइलमधील खऱ्या फंक्शनशी त्याची टक्कर होते. इफडेफऐवजी ‘इफ इज_एनेबल्ड’ वापरावे. ते ‘वाय’ आणि ‘एम’ दोन्हींना खरे ठरते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कंपाइल झाले, पण आता लिंक करताना (कंपाइल झालेले भाग जोडताना) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे फंक्शन न सापडल्याची त्रुटी, येते. मोटारीचा ड्रायव्हर ‘वाय’ आहे.

उत्तर (नांदेड):
हे होणारच होते. ‘वाय’चा कोड मूळ कर्नलमध्येच जोडला जातो आणि मॉड्यूल नंतर लोड होते, मग लिंकरला त्यातले फंक्शन सापडणार कसे? कोणी इज_एनेबल्डऐवजी इज_रीचेबल (त्या कोडमधून फंक्शन गाठता येत असेल तरच खरी ठरणारी अट) सुचवेल. त्याने बिल्ड होईल, पण मॉड्यूल लोड असूनही मोटारीला पातळी कळणार नाही, म्हणून मला तो उपाय पसंत नाही. केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या फाइलमध्ये) मोटारीच्या नोंदीखाली ‘डिपेंड्स ऑन पातळी || !पातळी’ ही ओळ घालावी. ती वाचायला निरर्थक वाटते. परंतु केकॉन्फिग एन, एम, वाय यांना 0, 1, 2 मानते, नकार म्हणजे 2 मधून वजाबाकी आणि ‘किंवा’ म्हणजे दोहोंतील मोठी किंमत. पातळी 1 असेल तर तिचा नकारही 1, म्हणून मोटारही ‘एम’च्या वर जाऊ शकत नाही. मोटारीची नोंद मात्र ‘ट्रायस्टेट’ (एन, एम, वाय तिन्ही चालणारी) हवी. ‘बूल’ (फक्त एन किंवा वाय) असल्यास ही मर्यादा निष्फळ ठरते.

प्रश्नकर्ता:
नोंद ‘बूल’च होती! ‘ट्रायस्टेट’ केल्यावर मॉडपोस्टने (बिल्डमध्ये मॉड्यूल तपासणाऱ्या साधनाने) मॉड्यूल_लायसन्स ही परवान्याची ओळ नसल्याबद्दल अडवले, तेही घातले. आता पातळीमापक एन, एम, वाय अशा तिन्ही प्रकारे ठेवून बिल्ड पूर्ण झाले.