जुन्या शिशाच्या शिपायांच्या प्रतिकृती हव्या आहेत: नेमकं काय शोधू?

लालकोट

नमस्कार मंडळी. वडील गेल्यावर त्यांचा खेळण्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. आत पाच शिपाई आहेत. लाल कोट, उंच काळी केसाळ टोपी, खांद्यावर बंदूक, कवायतीत चाललेले. पायाखालच्या पट्टीला खालून ‘ब्रिटन्स’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी उठावाची अक्षरं आहेत. दोघांचे हात बंदुकीसकट गेलेत. एकाचं मुंडकं तुटलेलं होतं, ते मानेत आगकाडीचा तुकडा खुपसून बसवलंय. हे काम वडिलांनी लहानपणी स्वतः केलेलं. मला किती तरी वेळा दाखवलं होतं. मुंडकं हलकेच वळवलं तर आजही वळतं.

ओळ आठ जणांची होती असं ते सांगायचे. तीन कधी हरवले, त्यांनाही आठवत नव्हतं. मला ती आठांची ओळ पुन्हा उभी करायची आहे. विकायचं काही नाही.

मागच्या महिन्यात ‘जुन्या साच्यातली हुबेहूब प्रतिकृती’ असं वर्णन वाचून एक शिपाई ऑनलाइन मागवला. हातात घेताक्षणी कळलं, हा आपल्यातला नाही. दगडासारखा जड. बाकीच्यांशेजारी उभा केला तर किंचित बुटका. संगिनीचं टोक बोथट, नाकडोळे भरून गेल्यासारखे, आणि जुना दिसावा म्हणून वरून तपकिरी रंग चोळलेला. ते चोळणंच मला सगळ्यात जास्त लागलं. नवा आहे तर नवा म्हणून द्यावा ना.

तर जाणकारांनी सांगावं: शोधताना कोणते शब्द वापरू? पोकळ शिपाई नव्याने कोणी ओततं का? नुसते हात मिळतात का? घरात सहा वर्षांची मुलगी आहे, ती हात लावणारच, तेव्हा शिशाचं काय करायचं तेही सांगा.

जुनी_फौज

लालकोट, तुमचे पाच अस्सल आहेत असं वर्णनावरून वाटतं. आधी ते जड-हलकं प्रकरण सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच उलगडतं.

1893 साली विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने पोकळ ओतकामाची पद्धत काढली. तोवर जर्मन शिपाई एक तर चपटे असायचे, नाही तर भरीव. पोकळ पद्धतीत वितळलेला मिश्रधातू (शिसं, त्यात अँटिमनी हा दुसरा धातू) पितळी साच्यात ओतायचा, साच्याच्या भिंतीलगतचा थर गोठतो-न-गोठतो तोच साचा उलटा करून आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. मागे राहतं ते नुसतं कवच. धातू कमी लागला, शिपाई हलके आणि स्वस्त झाले, आणि जर्मन मालाची मक्तेदारी मोडली. यात सगळं वेळेवर. क्षणभर उशीर झाला तर शिपाई भरीव, घाई झाली तर अंगाला भोक. टोपीच्या शेंड्यावर बारीक छिद्र आहे का बघा. धातू बाहेर काढायची ती वाट. तुमच्या वडिलांची आगकाडी बसली तीही मान आतून पोकळ होती म्हणूनच. तशा आगकाडीने जोडलेल्या मुंडक्यांचे शिपाई मी इतके पाहिलेत की ती त्या काळच्या मुलांची सर्वमान्य शस्त्रक्रियाच म्हणायला हवी. ती काढू नका.

आता तुमचा जड पाहुणा. तो ‘रीकास्ट’ आहे. कोणी तरी जुन्या शिपायावरून रबराचा साचा घेतला आणि त्यात भरीव धातू ओतला. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळापेक्षा लहान होते. नकलेवरून पुन्हा नक्कल घेतली तर आणखी लहान, आणि दर पायरीला नाकडोळे बुजत जातात. तुमच्याकडे आला तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असावा.

म्हणून ‘प्रतिकृती’ हा एकच शब्द घेऊन शोधायला निघू नका. त्या शब्दाखाली रीकास्टही येतात आणि ‘न्यू टॉय सोल्जर’ही. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या धाटणीत, चकचकीत एनॅमल रंगात, पण नव्याने घडवलेली मूर्ती. ब्रिटन्सने 1966 साली शिशाचं उत्पादन थांबवलं आणि 1970 च्या दशकात छोट्या कारखान्यांनी हा प्रकार सुरू केला. काम बहुधा सुबक असतं, तळाला स्वतःचं नाव असतं, पण चेहरा तुमच्यांसारखा नसणार. ओळीत एक नवा उभा केला की लगेच ओळखू येतो. मला स्वतःला ते चालतं. तुम्हाला चालेल असं वाटत नाही.

माझं मत विचाराल तर तुम्ही प्रतिकृती शोधूच नका, मोडके अस्सल शोधा. हात तुटलेले, रंग उडालेले पोकळ शिपाई पेटीतल्या नीटस संचापेक्षा कितीतरी कमी किमतीत जातात, संग्राहक त्यांच्याकडे बघतही नाहीत. शोधताना ‘हॉलोकास्ट’ (पोकळ ओतीव), ‘54 मिमी’ (या शिपायांचं माप), ‘गार्ड्स’ (तुमच्या लाल कोट-केसाळ टोपीवाल्यांची पलटण) आणि ‘दुरुस्तीसाठी’ हे शब्द एकत्र टाका. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: तळाचा फोटो, वजन, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून उंची. द्यायला कां-कू करणाऱ्याला सोडून द्या.

हात सुटे मिळतात. ‘स्पेअर आर्म’ म्हणून न रंगवलेले ओतीव हात विकणारे आहेत.

लालकोट

मोडके अस्सल! हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच भिंग घेऊन बघितलं, तिघांच्या टोपीवर छिद्र स्पष्ट दिसतंय, दोघांचं रंगाने बुजलंय. पण हात बसवायचा कसा? खांद्यावर नुसती एक खुंटी दिसते.

ओतशाळा

हाताचं मी सांगते, मी घरी ओतकाम करते.

हाताच्या वरच्या टोकाला बारीक कडी असते. ती त्या खुंटीवर चढवायची आणि खुंटीचं तोंड पक्कडीने हलकेच दाबायचं, इतकंच. पण जुनं शिसं ठिसूळ झालेलं असतं. पक्कडीच्या जबड्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि एका दमात दाबू नका. कडी घट्ट बसत असेल तर खुंटी घासू नका, कडी कोरा. नवा हात बिघडला तर दुसरा आणता येतो.

हात विकत मिळाला नाही तर तुमच्या चांगल्या शिपायाच्या हातावरून साचा घेता येईल, पण तो हात काढायच्या भानगडीत पडू नका. मी तसा प्रयत्न एकदा केला आणि खुंटीच हातात आली. आजही वाईट वाटतं.

साचा करायचाच झाला तर सुट्या हातावरून करा. उष्णता सहन करणारं सिलिकॉन घ्या, साधं चालत नाही. अर्धा भाग बुडवायला माती वापराल ती गंधकविरहित हवी; गंधक असलं तर काही सिलिकॉन मातीला लागून चिकटच राहतं, कधी घट्टच होत नाही. ओतायच्या आधी साच्याच्या आत टाल्कची पूड भुरभुरवा, म्हणजे धातू बंदुकीच्या नळीपर्यंत धावतो. आणि साचा पूर्ण कोरडा हवा. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची वाफ होऊन धातू अंगावर उडतो. चष्मा, हातमोजे, उघड्या खिडक्या.

धातू मात्र शिसं नको. कथील मुख्य असलेला शिसेविरहित मिश्रधातू घ्या. कथील 232 अंशांना वितळतं, शिशाला 327 लागतात. घरगुती ओतकामाचे तयार साचे आयर्लंडची प्रिन्स ऑगस्ट कंपनी विकते. आपल्याला ओतकामाचा सराव झाला असं ठरवण्याआधी त्यातला एखादा शिपाई ओतून बघा.

एक कळकळीची विनंती. जे काही नवं ओताल त्याच्या तळाला, सहज दिसेल अशा जागी, साल कोरा. तुम्हाला लागलं तेच उद्या दुसऱ्याला लागू नये.

कपाट

मुलीबद्दल लिहितो. जुने पाच तिच्या हातात खेळायला देऊ नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्या काळच्या रंगातही शिसं असायचं. बघायला दिले तर शेजारी बसा, नंतर साबणाने हात धुवा. तिला खेळायला कथलाचे किंवा प्लॅस्टिकचे वेगळे द्या.

आणि ओकच्या लाकडात, नव्या प्लायवूडमध्ये ठेवू नका. त्यातून ॲसिडची वाफ निघते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. ती दिसली तर त्या शिपायाला बाकीच्यांपासून दूर ठेवा, हवेशीर जागी. भुकटी फुंकू नका.

लालकोट

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र्याचा डबाच त्यांना मानवलाय म्हणायचं. आत भुकटी कुठेच नाही. आता काचेच्या, धातूच्या चौकटीच्या पेटीत ठेवतो.

काल दोन मोडके गार्ड्स ठरवले. विक्रेत्याने न मागता तळाचा फोटो दिला आणि ‘एकाचा पाय डाक लावून जोडलाय’ हेही आधीच सांगितलं. हात सुटे मागवलेत. तो जड पाहुणा मुलीला देणार होतो, पण त्यात शिसं असेल तर? ओतशाळाताई, घरच्या घरी ओळखायची काही खात्रीची रीत आहे का?

ओतशाळा

कागदावर ओढून बघा. शिसं पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवतं. पण रेघ उठली नाही म्हणून शिसं नाही असं धरू नका, मिश्रधातू कडक असला तर रेघ येत नाही. अनोळखी धातू मुलांच्या हातात देऊच नये. तिच्यासाठी मी एक ओतून पाठवते, लाल कोटाचा रंग तुम्ही दोघं मिळून द्या. तळाला साल कोरलेलं असेल.