रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायच्या होडीच्या फेऱ्या गावानेच चालवायच्या तर सुरुवात कुठून?

खाडीकाठ_दिवा
ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातल्या १२ जणांचा गट करायचा विचार आहे. होड्या ५, सगळ्या मासेमारीच्या. परवानगी, वेळापत्रक आणि पैशाची वाटणी कशी बसवावी?

कांदळ
आधी कागद. मासेमारीच्या नोंदणीवर पर्यटक बसवता येत नाहीत; अपघात झाला तर विमाही हात वर करतो. प्रवासी होडी म्हणून मेरीटाइम बोर्डाकडे तपासणी आणि नोंदणी वेगळी. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, म्हणून वन विभागाची परवानगीही लागणारच. वन विभागाच्याच कांदळवन (खारफुटी) कक्षाच्या उपजीविका योजनेत सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के शासन, १० टक्के गट असा वाटा असतो. पण अर्ज कांदळवन सहव्यवस्थापन समितीमार्फत (गावपातळीवरची समिती) जातो. समिती नसेल तर आधी ती.

नाखवा_विटावा
दादा, वेळापत्रक घड्याळावर लावू नका, तिथीवर लावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला ६, पुनवेला (१५) साधारण सव्वाअकरा. खाडीत आत पाणी थोडं मागून पोचतं, तेवढं धरा. फेरी चढत्या पाण्यात, भरतीच्या अडीच तास आधी काढायची. पाणी चढतं तसे पक्षी उघड्या चिखलावर गोळा होऊन काठाकडे सरकतात. आणि होडी रुतलीच तर पाणीच उचलतं. ओहोटीला रुतलात तर पाच-सहा तास पर्यटकांसकट तिथेच! थव्यापासून शंभरेक मीटरवर इंजिन बंद, पुढे वल्हं. थवा उडाला की त्यांचं खाणं मोडतं, आणि मागच्या होडीला रिकामा चिखल दिसतो.

हिशेबताई
गट फुटतात ते पाळीवरून. ज्याची ओळख जास्त त्याच्याच होडीला गिऱ्हाईक, असं दोन महिने चाललं की बाकीचे परत जाळ्याकडे वळतात. बुकिंग एकाच फोनवर घ्या, होड्यांचा क्रम फळ्यावर लिहा. फेरी रद्द झाली तर पाळी तशीच राहते, हे आधीच ठरवा.

समजा ८ जण, माणशी ३००, म्हणजे २४००. आधी इंधन आणि शुल्क बाजूला. उरलेल्यातले निम्मे होडीवाल्याला, २० टक्के गाईडला, १५ दुरुस्ती-जॅकेटांना, १५ गटाच्या खात्यात. एजंटला तिकिटावर टक्का देऊ नका. मग दर एजंटच ठरवायला लागतो. जेवणाचा हिशेब मात्र स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा वेगळा. भाकरी, जवळा, चिंबोरीचं कालवण आदल्या दिवशीच्या ऑर्डरवरच करा, नाहीतर मासळी वाया.

खाडीकाठ_दिवा
मग जानेवारीत एकादशीला पहिली फेरी धरू?

नाखवा_विटावा
एकादशी म्हणजे सव्वाआठची भरती, पावणेसहाला निघावं लागेल. अंधारात काय दाखवणार? त्रयोदशी धरा, सव्वासातला सुटा.