एपिड्युरलबद्दल मदत हवी आहे (ठाणे, पहिलं बाळंतपण)

घोडबंदर रोडला राहते, आठवा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणतात, नॉर्मल व्हायला हरकत नाही. कळा सोसण्यापेक्षा एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून दिलेलं कळा कमी करणारं औषध) घ्यावं असं माझ्या मनात आहे, पण सासूबाई ऐकायला तयार नाहीत. "पाठीत सुई घेतलीस की जन्माची कंबर धरते!" पुरावा म्हणजे जाऊबाई. पण त्यांचं सिझर होतं, भूल स्पायनलची (पाठीत एकदाच दिलेल्या सुईची) होती, एपिड्युरलची नव्हे. आणि काहीही न घेतलेल्या बायकांची पाठ काय कमी दुखते?

म्हणून वाचायला घेतलं. कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०१८ च्या आढाव्यात ४० चाचण्या, ११ हजारांहून जास्त बायका आहेत. एपिड्युरलमुळे सिझर वाढत नाही, कायमची पाठदुखी मागे लागत नाही, बाळाच्या अपगार स्कोअरमध्येही (जन्मल्यावर लगेच तब्येत तपासून दिलेले गुण) फरक नाही. बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ एकूणात जास्त येते. पण २००५ नंतरच्या चाचण्या वेगळ्या पाहिल्या तर तेही दिसत नाही. आता औषधाची मात्रा कमी ठेवतात, त्यामुळे असावं. ताप, बीपी उतरणं, लघवी अडकणं हे मात्र होऊ शकतं.

हे सगळं पटलं. अडचण वेगळीच आहे. आमच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. रात्री कळा सुरू झाल्या आणि ते दुसरीकडे केसमध्ये असले तर? विचारलं तर "बघू त्या वेळी". ठाणे किंवा ऐरोली-वाशीकडे कुणाला चांगला अनुभव आहे का? आणि औषध किती टक्क्यांचं देता, असं विचारलं तर डॉक्टरांना राग येतो का?

प्रतिसाद:
मी नवी मुंबईत भूलतज्ज्ञ आहे. बिनधास्त विचारा, बुपिवॅकेन (एपिड्युरलमधलं बधिर करणारं औषध) साधारण ०.१ टक्का किंवा त्याहून कमी असतं. पण त्याआधी हे विचारा की कॅथेटर (औषधाची नळी) टाकल्यावर भूलतज्ज्ञ थांबतात का, आणि नंतर बीपी नि बाळाचे ठोके कोण बघतं. माझ्या मते टक्क्यांपेक्षा हे महत्त्वाचं. साधारण शंभरात एकीला नंतर जोरदार डोकेदुखी होते, त्यावर उपाय आहे. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर आत्ताच सांगा. आणखी एक, शेवटच्या टप्प्यात कुशीवर झोपून राहा. ब्रिटनमधल्या २०१७ च्या बम्पेस चाचणीत एपिड्युरल घेतलेल्या पहिलटकरणींत कुशीवर असणाऱ्या ४१ टक्के जणी चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझरशिवाय बाळंत झाल्या, उभट स्थितीतल्या ३५ टक्के.

भूलतज्ज्ञांची ओपीडीत आधीच भेट मागा. तिथेही "बघू त्या वेळी" ऐकलंत, तर दुसरीकडे नाव घालायला अजून वेळ आहे.