ज्येष्ठमधाने अल्सर बरा होतो, मग माझे बूट का घट्ट झाले?

घाटवळण:
एसटीत चालक आहे. कराड–चिपळूण, कुंभार्ली घाटातली फेरी. वय ५१. कंबर कामातून गेलेली, म्हणून दोन वर्षं डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली, तीही नुसत्या चहावर. दिवाळीनंतर एक दिवस संडासला डांबरासारखं काळं झालं. दुर्बीण घातली, जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद केली, सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल सुरू केली.

मग आमच्या आत्याबाई आल्या. "गोळीने आग विझेल रे, पण आतली साल कोण भरणार?" असं म्हणून ज्येष्ठमधाचं वस्त्रगाळ चूर्ण भरलेला डबा हातात ठेवला. सकाळ-संध्याकाळ चहाचा एक चमचा, दुधातून. खोटं कशाला बोलू, आठवड्यात जळजळ गेली. शिवाय गोड लागतं. फेरीत कांड्याही चघळायला लागलो.

आता दीड महिना झाला. संध्याकाळी बुटातून पाय निघत नाही. मोजा काढला की त्याचा काठ घोट्यावर खोल उमटलेला असतो. बीपीला टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू आहे, त्यावर १३० च्या पुढे कधी जात नव्हतं, परवा १६८/१००. क्लच दाबताना पोटरीत गोळे येतात. चूर्णाचं डॉक्टरांना सांगितलेलं नाही. घरचंच आहे, त्यात काय सांगायचं, असं वाटलं. याचा त्याचा काही संबंध असेल का?

निगडीकर:
अहो, झाडपाल्याने काही होत नसतं. मीठ कमी करा. माझ्या सासऱ्यांचा अल्सर कोबीच्या रसाने गेला, रोज एक पेला.

खलबत्ता:
दादा, संबंध आहे आणि सरळ आहे. आज संध्याकाळपासून चूर्ण बंद, कांड्याही बंद. आजच रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या, आणि तोवर गाडीवर जाऊ नका. पोटॅशियम उतरलं की गोळे येतात, ते एक वेळ सोसेल. पण त्याने हृदयाचे ठोके चुकतात. घाटात तुमच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

मी ३४ वर्षं औषधाच्या दुकानात काढली. निगडीकर म्हणतात ते वाक्य काउंटरवर रोज ऐकलंय.

ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लिसरायझिनचा. आतड्यात त्याचं ग्लिसरेटिनिक आम्ल होतं. आपल्या मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निकामी करत असतं. हे आम्ल त्यालाच गप्प बसवतं. मग कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जागेवर जाऊन बसतं. मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. तुमची लघवीची गोळी बहुतेक थायझाइड गटातली असेल, तीही पोटॅशियमच काढते. म्हणजे टाकीला दोन भोकं. युरोपातल्या तज्ज्ञांनी ग्लिसरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरलीय. मुळीत ते ४ टक्के धरलं, तरी तुमच्या दोन चमच्यांच्या, म्हणजे साधारण ५ ग्रॅम चूर्णात २०० झालं. कांड्या वेगळ्याच.

पण आत्याबाईंना नावं ठेवू नका. जळजळ खरीच गेली असणार. हॉलंडमधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ मध्ये हेच लिहिलं होतं: ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरातला व्रण भरतो, पण पाच रुग्णांत एकाच्या अंगावर सूज येते. पुढे ब्रिटनमध्ये त्याच ग्लिसरेटिनिक आम्लापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध केलं. जठराच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ही अस्तर जपणारी द्रव्यं टिकून राहतात, बुळबुळीत थर जाड होतो, म्हणून व्रण भरतो. तुमच्या डायक्लोफेनॅकने हेच प्रोस्टाग्लँडिन मारले होते! पण सूज आणि बीपी त्या औषधालाही सुटलं नाही. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आलं आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडलं. ग्लिसरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं. त्याने पाय सुजत नाहीत, पण व्रण भरतो असं चाचण्यांतून खात्रीने दिसलं नाही.

कोबीचं म्हणाल तर १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चेनी डॉक्टरांनी १३ रुग्णांना तो रस दिला होता, रोज जवळजवळ एक लिटर! तुलनेला रस न घेणारे कोणीच नव्हते.

आणि एक विचारतो. दुर्बिणीच्या वेळी तुकडा काढून व्रण करणारा हेलिकोबॅक्टर जंतू तपासला होता का?

मुक्ता७१:
काका, आमच्याकडे पोटाला कच्च्या केळ्याची भाजी देतात. तेही बंद करू का?

खलबत्ता:
खुशाल खा, ताई. बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात उंदरांवर यावर बरंच काम झालंय. कच्च्या केळ्यातलं ल्युकोसायनिडिन नावाचं द्रव्य जठराचं अस्तर जाड करतं असं पुढे दिसलं. पिकलेल्या केळ्याला तो गुण नाही. पण ते उंदीर होते, आणि व्रण असेल तर भाजीवर भागत नाही.

घाटवळण:
उशिरा लिहितोय, माफ करा. पोटॅशियम २.९ निघालं. एक रात्र सलाईनवर ठेवलं. चूर्ण घेतो म्हटल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "डबा केवढा आहे?" बारा दिवस झाले बंद करून, बीपी १४२/८८ आहे. पूर्ण उतरायला अजून आठवडे लागतील म्हणाले. बूट निघतात.

खलबत्ताकाका, तुकडा काढला होता. रिपोर्ट मीच न्यायला गेलो नव्हतो. आता आणला, जंतू आहे. १४ दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्यात, तोंड दिवसभर कडू.

काल डबा परत द्यायला गेलो. आत्याबाई रोज रात्री झोपताना तेच चूर्ण घेतात, गेली कित्येक वर्षं. त्यांच्या पायाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. जोडवी बोटात रुतलेली. उद्या सुट्टी टाकलीय, त्यांनाच घेऊन जातो.