सैन्याच्या बीपीईटी या शारीरिक चाचणीत पुन्हा पुन्हा नापास होत आहे. रजेच्या काळात नेमकी कशी तयारी करावी?

मानेवाडा_रिक्रूट

नमस्कार. मी नागपूरचा असून अग्निवीर म्हणून निवड झाल्यावर सध्या एका रेजिमेंटल सेंटरमध्ये प्रशिक्षण घेत आहे. सेंटरचे नाव येथे लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये. टायफॉइड झाल्यामुळे वैद्यकीय रजेवर घरी आलो आहे आणि परत जाण्यास अजून काही आठवडे आहेत.

माझी अडचण टायफॉइडच्या आधीपासूनची आहे. भरतीच्या मेळाव्यात १६०० मीटर मी पहिल्या गटात पूर्ण केले होते आणि बीमही (पुल-अप्स) पूर्ण दहा मारले होते, त्यामुळे प्रशिक्षणात धावणे आपल्याला जड जाणार नाही असे मी गृहीत धरले होते. पीपीटी या दुसऱ्या शारीरिक चाचणीतील २.४ किलोमीटरची धाव मी उत्तीर्ण होतो, परंतु बीपीईटीमध्ये बूट, पिठ्ठू (पाठीवरची पिशवी) आणि रायफलसह ५ किलोमीटर धावायचे असते, तेथे दरवेळी वेळेच्या बाहेर जातो. तिसऱ्या किलोमीटरनंतर पिठ्ठूचा खालचा भाग कमरेवर आदळू लागतो, पट्टे खांद्यावरून गळपट्टीच्या हाडाकडे सरकतात, आणि ते सावरण्यात श्वासाची लय मोडते. त्यानंतर उभ्या दोरावर मी अर्ध्यापर्यंत जातो आणि पंजे उघडतात.

दुसरी गोष्ट अशी की नडगीच्या आतल्या बाजूस दुखते. सुरुवातीला धावताना दुखत असे, नंतर जिना उतरतानाही दुखू लागले. एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, मी हे सांगितलेले नाही, कारण पीटी एक्सक्यूज (कवायतीतून सूट) मिळाली तर सराव बुडेल आणि रेलिगेट होऊन खालच्या बॅचमध्ये जावे लागेल, अशी भीती वाटते. माझ्याबरोबर भरती झालेली मुले कसम परेडची, म्हणजे प्रशिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या शपथविधीची, तयारी करत आहेत.

घरच्यांना वाटते की अशक्तपणा आहे, खाल्ले-प्याले की ठीक होईल. मी रोज पहाटे रिंग रोडवर धावायला सुरुवात करण्याचा विचार करत आहे. या काळात काय करावे, किती धावावे आणि दोराचा सराव घरी कसा करावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_उस्ताद_कामठी

तुला 'तू' म्हणतो, कारण माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

आधी साधा हिशेब पाहा. मेळाव्यात पहिल्या गटासाठी १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत लागते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे २६ सेकंद. माझ्या सेवेच्या काळात तिशीच्या आतल्या जवानासाठी बीपीईटीच्या ५ किलोमीटरला २५ मिनिटांत एक्सलंट, साडेसव्वीस मिनिटांत गुड आणि २८ मिनिटांत सॅटिसफॅक्टरी मिळत असे. २८ मिनिटे म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ३६ सेकंद. आकडे पाहिले तर दुसरी धाव कितीतरी संथ आहे, तरीही मेळाव्यात पहिल्या आलेली मुले तिच्यात मागे पडतात, कारण पहिली धाव साडेपाच मिनिटांत संपते आणि दुसरी वजनासह अर्ध्या तासाच्या जवळ जाते. आपल्याकडच्या अकॅडम्या मुलाला मेळाव्यापर्यंत नेऊन सोडतात. वर्षभर हलके बूट घालून तेच चारशे मीटरचे फेरे मारून घेतात, आणि पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय कोणीच लावत नाही. त्यामुळे तुझा दम कमी आहे असे मी म्हणणार नाही. २.४ किलोमीटर तू पास होतोस, यावरूनच ते दिसते.

पिठ्ठू आदळतो याचे कारण बहुतेक वेळा भरण्यात असते. जड वस्तू वरच्या भागात आणि पाठीला लागून, हलक्या वस्तू तळाशी, मध्ये पोकळी राहू द्यायची नाही. पट्टे इतके आवळायचे की पिठ्ठू पाठीच्या वरच्या भागाला चिकटून राहील आणि उडी मारून पाहिली तर वेगळा हलणार नाही. रायफल झुलू द्यायची नाही. पहिला किलोमीटर सगळेच जोशात काढतात, त्यांच्यामागे जायचे नाही. पाच किलोमीटर सारख्या वेगाने काढणारा मुलगा शेवटी त्यांच्यातल्या निम्म्यांना मागे टाकतो, हे मी दर बॅचमध्ये पाहिले आहे.

दोराचे म्हणशील तर तू हातांनी चढतो आहेस. दहा बीम मारणाऱ्या मुलांची हीच खोड असते, कारण हातांवर त्यांचा विश्वास असतो. दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन त्याच पायाच्या तळव्याखालून काढायचा आणि दुसऱ्या पायाच्या बुटाने वरून दाबायचा. मग गुडघे छातीकडे ओढायचे, दोर दाबायचा आणि त्यावर उभे राहायचे. हातांनी फक्त धरून राहायचे, वर ढकलण्याचे काम मांड्यांचे. घरी निंबाच्या किंवा आंब्याच्या भक्कम फांदीला जाड दोर बांध आणि जमिनीपासून दोन हातांवरच हा पायांचा डाव बसवत राहा. वर जाण्याची गरज नाही, पडलास तर रजा वाढेल. पंजांसाठी बीमवर टॉवेल टाकून त्याची दोन टोके धरून लटकत राहा.

पाठीवर वजन घेऊन आत्ता धावू नकोस. नडगीचे काय ते डॉक्टर मंडळी सांगतील, पण ती लपवणे मला मुळीच पटलेले नाही.

उमरेड_रोड_७१

एवढी चर्चा कशाला, ते कळत नाही. आमच्या वेळी नडगी सगळ्यांचीच दुखायची. रोज पहाटे पिठ्ठू घालून फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सचा चढ दोनदा काढावा, महिन्याभरात बीपीईटी आपोआप निघते. आजकालची मुले दुखण्याला फार घाबरतात.

फिजिओ_धंतोली

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवूनही सांगते, की तो सल्ला या मुलाने कृपया पाळू नये. त्या वेळी ज्यांची नडगी दुखली आणि जे तरीही पास झाले, तेच आज अनुभव सांगायला आहेत; ज्यांचे हाड मोडले ते घरी परत गेले आणि त्यांचा अनुभव कोणी विचारला नाही.

मानेवाडा_रिक्रूट, तुमच्या दुखण्याचे दोन अर्थ संभवतात आणि दोन्हींचा मार्ग वेगळा आहे. नडगीच्या आतल्या कडेने बोटे फिरवीत खाली जा. चार-पाच बोटांच्या लांबीच्या किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यात सर्वत्र सारखे दुखत असेल, आणि धावायला सुरुवात केल्यावर अंग तापले की दुखणे कमी होत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट्सचा प्रकार आहे. उलट एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल, धावताना दुखणे वाढतच जात असेल, चालताना किंवा रात्री झोपल्यावरही जाणवत असेल, तर हाडाला बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असण्याची शंका घ्यावी लागते. जिना उतरताना दुखते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी हा विषय हलक्यात घेणार नाही. दुखणे जांघेत असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला पडलेला तडा सरकला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच हे का होते, तेही समजून घ्या. अचानक भार वाढला की शरीर हाडाचा जुना भाग काढून तेथे नवा बसवू लागते. काढण्याचे काम लवकर होते आणि भरण्याचे काम मागाहून होते, त्यामुळे मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कमकुवत असते. घर दुरुस्तीला काढले असताना छतावर पाहुणे चढवावेत, तसे त्या काळातले धावणे ठरते. श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. दुखणे मारण्यासाठी औषधाच्या दुकानातून गोळी आणून धावणे हा यातला सर्वांत वाईट उपाय आहे, कारण गोळी फक्त सूचना बंद करते.

साध्या एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे असा तडा अनेकदा दिसतच नाही, तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका; अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयविषयी विचारा. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो किंवा मिहानमधील एम्स, यांपैकी जे रुग्णालय सोयीचे असेल तेथे दाखवा. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, टायफॉइडनंतर तर नक्कीच. नागपूरच्या उन्हात राहूनही ड जीवनसत्त्व कमी निघालेले रुग्ण माझ्याकडे सतत येतात.

आणखी एक तपासणी मी विदर्भातल्या प्रत्येक रिक्रूटला सुचवते, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. पूर्व विदर्भात या आजाराचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे आणि बहुतेकांना आयुष्यात काही त्रासही होत नाही; परंतु कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, सवय नसताना एकदम जोर लावून धावल्यास वाहक व्यक्ती कोसळू शकते आणि तिचे स्नायू फुटून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. मांड्या दुखण्याऐवजी एकाएकी लुळ्या पडल्यासारख्या वाटल्या तर तिथेच थांबायचे, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट रुग्णालयात जायचे. हे वाहक नसलेल्यांनाही लागू आहे. सोल्युबिलिटीची प्राथमिक चाचणी शासकीय रुग्णालयांत होते आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. निष्कर्ष काहीही आला तरी तो आपल्या डॉक्टरांना माहीत असणे हिताचे आहे.

निदान होईपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवा. टायफॉइडमधून उठल्यावर डॉक्टरांची परवानगी मिळाली, की दम टिकवण्यासाठी पोहणे चालेल, दुखत नसेल तर सायकलही चालेल. पुढे धावण्याची मुभा मिळाल्यावर रिंग रोड निवडू नका. आपल्या शहरात आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाले आहेत, ते गाड्यांना सोयीचे असतील, नडगीला नाहीत. रेशीमबागेसारखे मातीचे मैदान बरे. पहाटे उजाडण्याच्या सुमारास जा, आणि उन्हाची सवय शरीराला व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात हे लक्षात ठेवून भार वाढवा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मर्दुमकी दाखवूच नका.

एक_बॅच_मागे

मी स्वतः रेलिगेट झालेला आहे आणि सध्या युनिटमध्ये आहे, म्हणून त्या भीतीबद्दल तेवढे लिहितो. माझ्या घरच्यांनी कसम परेडसाठी रेल्वेची तिकिटे काढली होती, ती रद्द करावी लागली. आईने शेजाऱ्यांना काय सांगायचे, हा घरात मोठा प्रश्न होऊन बसला होता. सेंटरमध्ये जुनी बॅच मैदानावर शेवटच्या रिहर्सलला जात असे आणि मी नव्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्या धड्यापासून दोर चढत असे, ते दिवस वाईट होते, हे नाकारत नाही.

परंतु युनिटमध्ये आल्यावर कोणीही विचारले नाही की तू कोणत्या बॅचचा होतास आणि कोणत्या बॅचमधून निघालास. येथे पुढच्या बीपीईटीची वेळ विचारतात. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांनाच चार वर्षांनंतर कायम केले जाते आणि त्या मूल्यमापनात शारीरिक चाचण्यांना वजन असते. त्यामुळे कशीबशी एक चाचणी काढून मोडक्या पायाने युनिटमध्ये येण्यापेक्षा बॅच गेलेली परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याबरोबरचा एक मुलगा दुखणे लपवून धावत राहिला आणि धावतानाच त्याचा तडा पूर्ण मोडला. तो नंतर बराच काळ रुग्णालयात होता आणि त्याची एकच नव्हे, बरीच पुढची बॅचही गेली.

मानेवाडा_रिक्रूट

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बोटे फिरवून पाहिली. डाव्या पायाला घोट्याच्या वर वीतभर अंतरावर एकाच ठिकाणी कळ येते, उजव्या पायाला मात्र पट्ट्यात दुखते. धावायला गेलो नाही. उद्या वडिलांबरोबर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जात आहे. बाहेरच्या रुग्णालयाचा अहवाल सेंटरमध्ये चालतो का? आणि तडा निघालाच, तर रजा संपेपर्यंत घरी थांबून मग तेथे सांगावे का?

निवृत्त_उस्ताद_कामठी

रजा संपेपर्यंत थांबू नकोस. तडा निघाला तर ओळखपत्र, रजेचा कागद, टायफॉइडचे डिस्चार्जचे कागद आणि एमआरआयची फिल्म घेऊन सरळ कामठीच्या सैनिकी रुग्णालयात हजर हो. रजेवर असलेल्या जवानाने आजारी पडल्यास जवळच्या सैनिकी रुग्णालयात जायचे असते. बाहेरचा अहवाल ते पाहतील, पण निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा राहील आणि तोच तुझ्या कागदांवर चढेल. आपल्या कंपनीतही त्याच दिवशी फोन करून कळव आणि कोणाशी बोललास त्यांचे नाव व वेळ लिहून ठेव. तडा निघाला नाही तर परत गेल्यावर पहिल्याच सकाळी एमआय रूममध्ये दोन्ही नडग्या दाखव, पीटीला उभा राहण्याच्या आधी. वडिलांना कामठीचा रस्ता सापडत नसेल तर येथे लिही, मी फाटकापाशी येऊन थांबेन.