कुरळे केस आणि बारा दिवसांचा प्रवास : आधी वाळवंट, मग मालवण. सल्ला हवा आहे

वळणदार (पुणे)

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही रेल्वेने जोधपूर, जैसलमेर आणि बिकानेर असा आठ दिवसांचा प्रवास करणार आहोत. परतल्यावर एक रात्र घरी काढून लगेच मालवणला चुलत नणंदेच्या लग्नासाठी चार दिवस जायचे आहे. माझे केस खांद्याच्या खाली चार बोटे येतात आणि जन्मापासून कुरळे आहेत, लाटांचे नव्हे तर पेन्सिलीवर गुंडाळल्यासारखे. दोन वर्षांपूर्वी मी कोरडे केस विंचरणे सोडले. आता दर चौथ्या दिवशी सल्फेट (जास्त फेस आणणारे कडक द्रव्य) नसलेल्या शाम्पूने न्हाते, कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढते आणि ओल्या केसांना घरी केलेले जवसाचे जेल लावते. एवढे केले की घरी तक्रारीला जागा उरत नाही.

प्रवासात मात्र सगळे बिघडते. गेल्या वर्षी एका लग्नाला गेले असताना पार्लरमधल्या मुलीने मी नको म्हणायच्या आत कोरड्या केसांतून बारीक दातांचा ब्रश फिरवला आणि पाच मिनिटांत केसांचा अक्षरशः काथ्या झाला. त्या लग्नाच्या एकाही फोटोत मला स्वतःकडे बघवत नाही.

या वेळी आधीच विचारून घेते. जवसाचे जेल सोबत नेता येईल का? वाळवंटातल्या क्षाराच्या पाण्याने न्हायचे कसे? कोरडी हवा आणि समुद्राकाठची हवा या दोन्हींसाठी वेगवेगळ्या बाटल्या न्याव्या लागतील का? सामानात या सगळ्यासाठी एका छोट्या पाऊचइतकीच जागा आहे.

टेम्सकाठची सांगलीकर

वळणदार, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मिळाले की पाऊच आपोआप हलका होतो. मी लंडनमध्ये राहते आणि वर्षातून एकदा सांगलीला येते. इथले पाणी इतके जड आहे की किटलीच्या तळाशी महिनाभरात पांढरा थर धरतो. पहिली तीन वर्षे मी दर प्रवासाला नवी बाटली विकत घेत होते. बाटली बदलण्यापेक्षा तीच बाटली किती लावायची आणि कशावर लावायची हे बदलले की काम होते, हे कळायला उशीर लागला.

केसांचे वळण टिकते ते केसांतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाच्या बंधांमुळे. त्यातले गंधकाचे बंध पक्के असतात, पण हायड्रोजनचे बंध नुसत्या पाण्यानेही सुटतात आणि केस वाळताना नव्याने जुळतात. म्हणून दमट हवेत नीट बसलेली बट तासाभरात फुलते. कोरड्या हवेत केसांतले पाणी निघून जाते आणि ते खरखरीत होतात. त्यातच कुरळ्या केसांत टाळूचे तेल वळणावळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे टोके आधीच तहानलेली असतात.

याचा व्यवहारात अर्थ असा, की राजस्थानात कंडिशनर जास्त आणि जेल कमी वापरावे, तर मालवणात कंडिशनर कमी आणि जेल जास्त. वाळवंटात न्हाऊन झाल्यावर कंडिशनर पूर्ण धुऊन काढू नका. हाताला किंचित बुळबुळीत लागेल इतका केसांत राहू द्या, म्हणजे लीव्ह-इनची, म्हणजे न धुता केसांत ठेवायच्या कंडिशनरची, वेगळी बाटली वाचते. विकतचे जेल घेतलेत आणि त्याच्या बाटलीवरील यादीत ग्लिसरीन पहिल्या दोन-चार नावांत असेल तर दोन्ही ठिकाणी जपून वापरा. फार दमट हवेत ते हवेतले पाणी ओढून केस फुगवते आणि फार कोरड्या हवेत केस चिकट असूनही रुक्ष लागतात, असा माझा अनुभव आहे.

जवसाचे जेल नेऊ नका. त्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेले नसते, फ्रीजमध्येसुद्धा ते आठवडाभरात आंबूस वास मारू लागते. मी एकदा ते विमानाने नेले होते. बाटली उघडल्यावर आलेला वास मला अजून आठवतो. त्याऐवजी १०० मिलिच्या बाटलीत विकतचे जेल भरा. पुढे कधी परदेशी विमानप्रवास झाला तर बऱ्याच विमानतळांवर हँडबॅगेत द्रवपदार्थांना प्रत्येकी १०० मिलिचीच मर्यादा असते, तेव्हाही तीच बाटली चालेल.

आता पाण्याविषयी. जैसलमेर आणि बिकानेर या शहरांना इंदिरा गांधी कालव्याचे, म्हणजे मूळचे सतलज-बियासचे पाणी मिळते, त्यामुळे शहरातल्या हॉटेलात फार त्रास होऊ नये. प्रश्न येतो तो वाळूच्या टेकड्यांजवळच्या तंबूंमध्ये, जिथे बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असू शकते. पाणी ओळखण्याची खूण आपल्या आयांना ठाऊकच असते : साबणाचा फेस होत नाही, चव मचूळ लागते आणि नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असे म्हटले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजे पिण्यालायक असलेले पाणीही केसांना जड असू शकते. अशा ठिकाणी डोक्यावरून अंघोळ करूच नका. न्हाणे हॉटेलच्या मुक्कामावर ढकला आणि तेही जमले नाही तर शेवटचा तांब्या पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याचा घ्या. एका लिटरला एक चमचा व्हिनेगर घालून ओतले तर क्षाराचा राप बराच उतरतो. लिंबू मात्र थेट डोक्यावर पिळू नका, टाळूची आग होते.

माईंची वेणी

वरील सल्ला चांगला आहे, पण मला तो थोडा खटाटोपाचा वाटतो. माझे वय ६८ आहे, केस तुमच्यासारखेच आहेत, आणि मी एस.टी.ने अर्धा महाराष्ट्र पालथा घातला तो खोबरेल तेल आणि दोन वेण्या यांच्या जोरावर. निघण्याच्या आदल्या रात्री तेलाचा हात फिरवायचा, सैल वेण्या घालायच्या आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत सोडायच्या नाहीत. वाऱ्याने होणारा गुंता उकलण्यापेक्षा होऊच न देणे सोपे.

एक गोष्ट मात्र आमच्या वेळची असूनही सोडून द्या : शिकेकाई आणि रिठा. सरळ केसांना ती ठीक आहेत. कुरळ्या केसांत तिचा भुसा वळ्यांत अडकून बसतो आणि तो काढताना निम्मे केस हातात येतात.

टेम्सकाठची सांगलीकर

माई, वेण्यांबद्दल पूर्ण सहमत. खोबरेलाबद्दलही तुमच्या बाजूने पुरावा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या प्रयोगात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती आणि केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झालेली दिसली, कारण ते केसाच्या आत शिरते. पण ते न्हाण्याआधी लावायचे. आठ दिवस तसेच ठेवले तर वाळवंटातली धूळ त्यावर बसेल आणि मग ती काढायला कडक शाम्पू लागेल. शिवाय डिसेंबरात जैसलमेरची रात्र दहा अंशांच्या खाली जाऊ शकते आणि खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठते. अरुंद तोंडाची बाटली नेलीत तर तेल आत आणि तुम्ही बाहेर.

कुरळा सायकलस्वार

पुरुषांनी या धाग्यावर लिहावे की नाही याचा थोडा विचार केला. पण केस माझेही कुरळे आहेत, मानेपर्यंत आहेत आणि मी वर्षातले दोन महिने सायकलवर असतो. धुळीबद्दल सांगतो. उंटावर किंवा उघड्या जीपमध्ये बसण्याआधी केसांवर पातळ सुती ओढणी घट्ट बांधा आणि तिच्याखाली वेणी असू द्या. संध्याकाळी धूळ झटकायला कंगवा घेऊ नका. डोके खाली करून बोटांच्या टोकांनी टाळू हलवली की वाळू आपोआप खाली पडते. मग स्प्रेच्या छोट्या बाटलीत पाणी आणि मटारच्या दाण्याएवढा कंडिशनर घालून हलवा, केसांवर फवारा आणि बटा मुठीत धरून वरच्या दिशेने दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वळ्या परत येतात. फवारणी थांबवायची केव्हा, तर केस हाताला गार लागतील पण पाणी ठिबकणार नाही तेव्हा.

हॉटेलचे जाड टॉवेल केसांना लावू नका, त्यांच्या फासांत बटा अडकून तुटतात. मी जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा नेतो. तो वाळतो लवकर आणि घडी घातली की खिशात मावतो. रेल्वेच्या उशीवरही तुमची स्वतःची सॅटिनची खोळ घाला. नसेल तर जुन्या रेशमी ओढणीत केस गुंडाळा. केस डोक्याच्या अगदी वर सैल बांधून झोपलात तर खालच्या वळ्या दबत नाहीत.

वळणदार (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. माईंच्या वेण्या, पंचा आणि स्प्रेची बाटली यांची नोंद केली. जवसाचे जेल रद्द. आता मालवणचा प्रश्न राहिला. हळद आदल्या दिवशी संध्याकाळी आहे, लग्नाचा मुहूर्त सकाळी ११ च्या सुमारास आहे, आणि पार्लरची बाई सासरच्या मंडळींनी ठरवलेली आहे. तिला दुखावल्याशिवाय ब्रशपासून केस कसे वाचवावेत?

चिवल्याची वाट

आमच्या गावी येताय, स्वागत आहे. डिसेंबरात मालवणची हवा पावसाळ्याइतकी दमट नसते, पण पहाटे दव पडते आणि दुपारी खारा वारा सुटतो. घरांतले पाणी बहुधा विहिरीचे असते आणि आमच्या जांभ्याच्या जमिनीतले ते पाणी साधारणपणे मऊ लागते. अगदी किनाऱ्यालगतच्या विहिरी मात्र खाऱ्या असू शकतात. यजमानांना विचारा, कोणती विहीर गोडी आणि कोणती खारी हे प्रत्येक घरात माहीत असते.

हळदीला बसण्याआधी केस साध्या पाण्याने ओले करून त्यांना भरपूर कंडिशनर किंवा तेल लावा आणि अंबाडा घाला. केसाने आधीच पाणी पिऊन घेतले की हळद आत कमी शिरते आणि संध्याकाळी एका धुण्यात निघते. समुद्रात उतरायचे असेल तेव्हाही हेच करा.

न्हाणे त्याच संध्याकाळी उरका. सकाळी न्हाऊन बसलात तर हे जाड केस मुहूर्तापर्यंत वाळणार नाहीत. रात्री जेल लावून केस हात न लावता वाळू द्या. सकाळी ते कडक झालेले असतील, घाबरू नका. हाताला दोन थेंब तेल चोळा, केस मुठीत दाबून तो कडकपणा मोडा आणि पार्लरवाल्या ताई येण्याआधी तयार होऊन बसा. त्यांना सांगा, "ताई, केस सेट केलेले आहेत, तुम्ही फक्त मागे आकडे लावून अंबाडा आणि फुलांचा वळेसर करून द्या." काम कमी झाल्याचे दुःख कोणालाच होत नाही. कुरळ्या केसांत आकडे घट्ट बसतात, त्यामुळे अबोलीचा वळेसर संध्याकाळपर्यंत ढळत नाही. सरळ केसांच्या माझ्या बहिणी याबाबत माझा हेवा करतात.

वळणदार (पुणे)

परत येऊन दोन दिवस झाले. काय झाले ते लिहिते, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

पाऊचमध्ये १०० मिलि कंडिशनर, १०० मिलि जेल, स्प्रेची रिकामी बाटली, कंगवा, रेशमी ओढणी, पंचा आणि खोबरेलाची बाटली एवढेच नेले. जैसलमेरच्या हॉटेलात पाण्याला चांगला फेस आला. तंबूतल्या बादलीच्या कडेला मात्र बोटभर उंचीवर पांढरी रेघ होती, ती पाहून मी तिथे न न्हाण्याचा निर्णय घेतला आणि तो योग्य ठरला, कारण माझ्या जावेने तिथेच केस धुतले आणि बिकानेरपर्यंत तिच्या केसांतून बोट फिरत नव्हते. व्हिनेगर कुठे मिळाले नाही, म्हणून बिकानेरला तिने पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या डोक्यावर ओतल्या. थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

चूक एकच झाली. माईंचे ऐकून खोबरेल नेले आणि सांगलीकरांचे न ऐकता अरुंद बाटलीतच नेले. जोधपूरच्या पहाटे ते मेणासारखे झाले होते. शेवटी चहाच्या कपातल्या गरम पाण्यात बाटली उभी करून थेंबभर काढले.

मालवणात जेल दुप्पट घेतले. पार्लरच्या ताईंनी ब्रश बाहेर काढला, माझ्या केसांकडे पाहिले आणि परत ठेवला. "हे तुमचे तुम्हीच केले का?" असे विचारून त्यांनी अंबाड्यासाठी अकरा आकडे लावले. नंतर त्यांनी माझ्याकडून जेलचे नाव लिहून घेतले, कारण त्यांच्या धाकट्या मुलीचे केसही असेच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कंडिशनर संपला होता आणि जेल जेमतेम अर्धा बोट उरले होते. ती बाटली मी त्यांनाच देऊन आले.