बुबुळावर हर्पिस विषाणूचा व्रण: मलम किती दिवस लावायचं?

रामबागकर, इंदूर
आईच्या (वय 64) उजव्या डोळ्यात पहिल्यांदाच डेंड्रिटिक अल्सर (फांदीसारखा व्रण) निघाला. असायक्लोव्हिर (विषाणूविरोधी औषध) 3 टक्के मलम दिवसातून 5 वेळा, आज बारावा दिवस. परवा तपासणीत व्रण भरलाय म्हणाले, तरी डोळा लाल आहे, खुपतोही. मलम वाढवावं का? दवा बाजारात दुकानदार 5 टक्केवाली ट्यूब देत होता. मोतीबिंदूच्या वेळचे स्टेरॉइडचे थेंबही घरात पडलेत, लालीवर चालतील?

निळा_दिवा
आधी ते थेंब फेका. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणूनच माणूस फसतो. विषाणू पृष्ठभागावर जिवंत असला तर आतल्या आत पसरतो आणि फांदीसारखा बारीक व्रण नकाशासारखा रुंद होतो. 5 टक्के हे त्वचेचं क्रीम, डोळ्यात अजिबात नको.
मलम पापणीच्या आत 1 सेंटिमीटर, व्रण भरल्यावर निदान 3 दिवस. म्हणजे तुमचं संपतच आलंय. आता खुपतंय ते बहुधा मलमामुळेच. तसं असेल तर फ्लुरोसीन (डोळ्यात घालायचा रंग) घालून निळ्या प्रकाशात पाहिलं की फांदी आणि तिच्या टोकाचे फुगीर गोळे दिसत नाहीत, नुसते बारीक ठिपके दिसतात. अशा वेळी मलम वाढवलं तर ठिपकेही वाढतात! पण हे स्लिट लॅम्पवरच (डोळ्याच्या डॉक्टरांचं सूक्ष्मदर्शक यंत्र) ठरतं, घरी आरशात नाही.

कॉर्निया_ओपीडी
सहमत. मलम सोसत नसेल तर असायक्लोव्हिरची 400 मिग्रॅ गोळी, 5 वेळा, 7 ते 10 दिवस. या वयात आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा. औषध मूत्रपिंडातून जातं, पाणी कमी पडलं तर तिथे स्फटिक साचतात. नागिणीचा डोस वेगळा (800 मिग्रॅ), तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका.
वारंवार उलटत असेल तर 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 12 महिने. 1998 च्या अमेरिकी चाचणीत त्याने वर्षभरातलं उलटणं 32 वरून 19 टक्क्यांवर आलं. पहिल्याच व्रणाला सहसा लागत नाही.

रामबागकर
आणि वरून भरूनही धूसरच दिसलं तर?

कॉर्निया_ओपीडी
मग आतल्या थराची सूज असू शकते. तिथे स्टेरॉइड लागतं, पण अँटिव्हायरल सोबत ठेवून आणि आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू कमी करत. त्याच दिवशी दाखवा. बधिर करणारा थेंब घालण्याआधी कापसाच्या टोकाने बुबुळाची संवेदना तपासायला सांगा, नंतर ती कळत नाही.